शेवट आधी लिहा : क्लायंट, करार आणि हक्क यांचा हिशेब

बोधचिन्हाचं काम होतं. तीन पर्याय दाखवायचे, क्लायंट त्यांतला एक निवडणार, त्यावर दोनदा बदल, मग अंतिम फायली. कोटेशनमध्ये हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी दुसरा पर्याय निवडला, पैसे वेळेत दिले, वर आभाराचं छानसं पत्रही पाठवलं. सात महिन्यांनी त्यांच्या एका नव्या उत्पादनाच्या खोक्यावर मला माझा तिसरा पर्याय दिसला. रंग बदललेला, बाकी जसाच्या तसा. फोन केला, तर मी कशाबद्दल बोलते आहे हेच पलीकडच्या माणसाला कळेना. "अहो मॅडम, तिन्हीचे पैसे दिले होते ना आम्ही?"

तो लबाडी करत नव्हता. त्याच्या हिशेबाने त्याने तीन चित्रं विकत घेतली होती, माझ्या हिशेबाने एक. कागदावर मात्र याबद्दल अवाक्षर नव्हतं.

त्यानंतर मी माझे जुने करार काढून वाचले. सगळ्यांत एकच खोट होती. काम सुरू कसं होणार याचे तपशील भरपूर. ते संपलं असं कधी म्हणायचं, मध्येच थांबलं तर काय, आणि संपल्यावर कुठली वस्तू कोणाची, यावर एखाद-दुसरी ओळ, तीही मोघम. चित्रकार, छायाचित्रकार, लेखक, व्हिडिओ एडिटर, संगीतकार अशा ओळखीतल्या कुणाचंही भांडण ऐकलं की ते याच जागी अडलेलं असतं. म्हणून हल्ली मी करार शेवटाकडून लिहायला घेते. खालच्या पायऱ्या त्याच पद्धतीच्या आहेत.

कायदे देशागणिक बदलतात, म्हणून उदाहरणं वेगवेगळ्या देशांची घेतली आहेत. स्वतःचा मसुदा तयार झाला की तो एकदा स्थानिक वकिलाला दाखवा. तो पुढे अनेक वर्षं वापरायचा असतो, त्यामुळे ती फी अंगावर येत नाही.

पायरी पहिली : होकार देण्याआधीचा अर्धा तास

पहिल्याच बोलण्यात मी चार गोष्टी विचारते. काम नेमकं कशासाठी हवं आहे, कधीपर्यंत हवं आहे, त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे, आणि अखेरचा होकार कोण देणार. यांतला चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायचा राहतो. तुमच्याशी रोज बोलणारी व्यक्ती उत्साही असते, तिला सगळं आवडत असतं. महिन्याभराने कळतं की निर्णय तिच्या वरच्या माणसाचा आहे आणि त्याने अजून एकही पान पाहिलेलं नाही. तिथून काम पुन्हा शून्यावर येतं. म्हणून करारात एका व्यक्तीचं नाव लिहायचं : मंजुरी हीच व्यक्ती देईल, तिची लेखी मंजुरी अंतिम धरली जाईल.

धोक्याच्या खुणा फार गूढ नसतात. आधीच्या दोन डिझायनरना 'काही कळत नव्हतं' असं सांगणारा क्लायंट, 'आधी एक नमुना करून दाखवा, मग बघू' म्हणणारा, कागदाचा विषय काढला की 'आपल्यात कशाला ते' म्हणणारा. यांतला प्रत्येक जण वाईटच असेल असं नाही. पण तिन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून आली, तर मी नम्रपणे हातातली कामं जास्त असल्याचं सांगते. भीड भिकेची बहीण, हे या धंद्यात फार लवकर पटतं.

पायरी दुसरी : कामाची व्याप्ती

'वेबसाइटसाठी चित्रं', 'लग्नाचा व्हिडिओ', 'कंपनीचं माहितीपत्रक' ही कामाची नावं झाली. व्याप्ती म्हणजे मोजता येईल असं वर्णन. माझ्या मसुद्यातला एक तुकडा जसाच्या तसा देते :

"या कामात बोधचिन्हाचे ३ प्राथमिक पर्याय, निवडलेल्या १ पर्यायावर बदलांच्या २ फेऱ्या आणि अंतिम चिन्हाच्या छपाई व पडदा या दोन्हींसाठीच्या फायली येतात. एक फेरी म्हणजे क्लायंटकडून एकत्रितपणे, लेखी आलेली सूचनांची एक यादी. यादी मिळाल्यापासून कामाच्या ५ दिवसांत बदल करून दिले जातील. तिसऱ्या फेरीपासून तासाच्या दराने आकारणी होईल. मजकूर लिहिणे, भाषांतर, छपाईवर देखरेख आणि समाजमाध्यमांसाठीची चित्रे यात धरलेली नाहीत."

'फेरी' म्हणजे काय, हे सांगणाऱ्या ओळीने माझे जितके तास वाचवले तितके दुसऱ्या कशानेच वाचवले नसतील. ती नव्हती तेव्हा सोमवारी एक सूचना यायची, मंगळवारी दोन, बुधवारी सोमवारची मागे घेतली जायची. क्लायंटच्या मते ती सगळी मिळून एकच फेरी. आता सूचना एकत्र येतात, कारण त्या एकत्र करायची जबाबदारी त्यांची आहे.

शेवटचं वाक्यही तितकंच कामाचं. काय येत नाही ते लिहिलं की क्लायंट स्वतःच विचारतो, 'मग मजकूर कोण लिहिणार?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात आलेला केव्हाही बरा.

काम चालू असताना 'जाता जाता एवढं करून टाका' हे येणारच. तिथे तोंड वाकडं करायचं नाही आणि मुकाट्याने करूनही टाकायचं नाही. दोन ओळींचं उत्तर पाठवायचं : "करता येईल. हे मूळ कामाबाहेरचं आहे, त्याला इतका खर्च आणि तीन दिवस जास्त लागतील. तुमचा होकार आला की सुरू करते." निम्म्या वेळा ती मागणी तिथेच विरते. एखादी छोटी गोष्ट तुम्हाला फुकट करून द्यावीशी वाटली, तर जरूर द्या, पण बिलात ती मूळ किमतीसह दाखवा आणि समोर सवलत म्हणून शून्य करा. न दिसणारं औदार्य पुढच्या कामात हक्क बनून येतं.

पायरी तिसरी : पैसे

हप्ते मंजुरीला बांधू नका, तारखेला किंवा तुम्ही केलेल्या कामाला बांधा. 'मंजुरीनंतर ५० टक्के' असं लिहिलं, तर पैशाची किल्ली क्लायंटच्या खिशात जाते, कारण मंजुरी लांबवणं त्याच्या हातात असतं. 'पहिले पर्याय सादर केल्याच्या दिवशी ३० टक्के' यात ती तुमच्याकडे राहते. सुरुवातीचा हप्ता जमा झाल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, आणि अंतिम फायली शेवटच्या हप्त्यानंतरच द्यायच्या. त्याआधी दाखवायला कमी आकाराच्या, आडवी खूण (वॉटरमार्क) घातलेल्या प्रती पुरतात.

आता शेवटाची कलमं. काम अर्धवट थांबलं तर? माझ्या मसुद्यात असं आहे : "क्लायंटकडून सलग ३० दिवस प्रतिसाद न आल्यास काम थांबले असे समजून तोवर झालेल्या टप्प्याचे बिल देय होईल. पुन्हा सुरू करताना वेळापत्रक नव्याने ठरेल." क्लायंटने काम रद्द केलं तर झालेल्या टप्प्यांचे पैसे आणि उरलेल्या रकमेचा ठरावीक भाग, हेही आधीच लिहून ठेवा. आणि काम संपण्याबद्दल : "अंतिम फायली पाठवल्यापासून १० दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम मंजूर झाले असे समजले जाईल." हे कलम वाचून कुणी करार मोडल्याचं मला आठवत नाही. उलट पाठवलेली फाइल वेळेत उघडली जाते.

उशिराबद्दल कायदा अनेक ठिकाणी तुमच्या बाजूने असतो, आपल्याला तो माहीत नसतो इतकंच. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार व्यावसायिक व्यवहारात मुदत ठरलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. थकबाकीवर मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किमान ८ टक्के-बिंदू जास्त व्याज लागतं, शिवाय वसुलीखर्चापोटी किमान ४० युरो मागता येतात. ब्रिटनमध्ये १९९८चा कायदा असंच ८ टक्के जादा व्याज देतो. न्यूयॉर्क शहराने मे २०१७पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या स्वतंत्र कामासाठी लेखी करार बंधनकारक केला, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढतं. तुमच्या देशात काय आहे ते शोधा आणि बिलाच्या तळाशी एका ओळीत त्या कायद्याचा उल्लेख करा. व्याज मागायची वेळ क्वचितच येते. ती ओळ वाचून हिशेबखातं तुमचं बिल गठ्ठ्याच्या वर घेतं, तेवढा फायदा पुरेसा आहे.

परदेशी क्लायंट असेल तर तीन गोष्टी : चलन कुठलं, बँकेचे मधले शुल्क कोणाकडे, आणि त्यांच्याकडे कर कापला जाणार असेल तर बिलाची रक्कम कापण्याआधीची की नंतरची. बाकी तुमचा कर सल्लागार सांगेल.

पायरी चौथी : हक्क, आणि इथे घाई करू नका

बर्न करार हा कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार. तो १८८६ साली झाला आणि आज १८०हून अधिक देश त्यात आहेत. त्याचा गाभा असा की कलाकृती निर्माण झाली की कॉपीराइट आपोआप जन्मतो, त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. (काही देशांत नोंदणीचे फायदे मात्र खरे असतात. अमेरिकेत तिथल्याच कामाबद्दल दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते.) म्हणजे हक्क जन्मतो हे नक्की. तो कोणाच्या घरी जन्मतो, हा खरा प्रश्न.

पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम बहुतेक ठिकाणी मालकाचं धरतात. स्वतंत्रपणे, पैसे घेऊन केलेल्या कामाबाबत मात्र कायदे फाटे फुटल्यासारखे वागतात. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात ते निर्मात्याचं राहतं. भारताच्या १९५७च्या कायद्यात कलम १७प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेलं छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणाऱ्याचं असतं. जर्मनीत निर्मात्याचा मूळ हक्क हयातीत कोणाला विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. एकच छायाचित्रकार, एकच काम, तीन देशांत तीन उत्तरं.

अमेरिकेतलं एक प्रकरण या सगळ्याचा अर्क आहे. १९८५ साली बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून बेघर कुटुंबाचं शिल्प करून घेतलं. कल्पना संस्थेची, घडवणारे हात रीडचे. साहित्याचा खर्च १५,००० डॉलरच्या आत ठेवायचं ठरलं, स्वतःच्या कष्टाचे पैसे रीडने घेतले नाहीत. लेखी करार नाही, कॉपीराइटचा शब्दही कोणी काढला नाही. काही महिन्यांनी संस्थेला शिल्प गावोगाव फिरवायचं होतं, रीडला ते त्या दौऱ्याला टिकणार नाही असं वाटत होतं. दोघांनीही आपापल्या नावाने कॉपीराइट नोंदणीचे अर्ज टाकले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८९च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की रीड नोकर नव्हता. अवजारं त्याची, कार्यशाळा त्याची, मदतनीस नेमायचा अधिकारही त्याचाच, त्यामुळे संस्था आपोआप मालक होत नाही. दोघं सहनिर्माते आहेत का, हा प्रश्न पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेला. चांगल्या हेतूने एकत्र आलेली माणसं होती ही. एका ओळीच्या पत्राने हे सगळं टळलं असतं.

ती ओळ लिहायची कशी, ते पाहू. आधी ठरवा : हक्क कायमचे देऊन टाकायचे आहेत, की वापराचा परवाना द्यायचा आहे. पहिलं म्हणजे घर विकणं, दुसरं भाड्याने देणं. बोधचिन्ह क्लायंटकडे पूर्ण जाणं रास्त आहे, कारण त्याची ओळखच त्यावर उभी राहते. पुस्तकातली चित्रं, छायाचित्रं, संगीत, लेख यांना परवाना पुरतो, आणि परवान्याची फी वापरानुसार कमी-जास्त करता येते. परवाना देत असाल तर पाच प्रश्नांची उत्तरं त्यात हवीतच : कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रदेशात, किती काळ, फक्त त्यांनाच की इतरांनाही, आणि बदल करता येतील का. उत्तर लिहिलं नाही तर कायदा स्वतःचं उत्तर घालतो. भारतात हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. 'कायमचे हक्क घेतले' अशा समजुतीत असलेल्या क्लायंटला हे सहाव्या वर्षी कळलं, तर तो तुम्हालाच दोष देईल.

माझं आजचं कलम असं आहे :

"निवडलेल्या पर्यायाचे सर्व आर्थिक हक्क, संपूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवसापासून, कायमचे व जगभरासाठी क्लायंटकडे जातील. न निवडलेले पर्याय, कच्ची रेखाटने आणि ओपन फायली (बदल करता येणाऱ्या मूळ फायली) डिझायनरच्या राहतील; त्यांचा वापर करायचा असल्यास वेगळी लेखी परवानगी व मोबदला लागेल. प्रकल्प जाहीर झाल्यानंतर डिझायनरला ते काम आपल्या कामाच्या संग्रहात दाखवता येईल."

'रक्कम जमा झाल्याच्या दिवसापासून' हे शब्द कधी काढू देऊ नका. पैसे थकले आणि काम वापरात आलं, तर तुमची तक्रार केवळ उधारीची राहत नाही, हक्कभंगाची होते. पत्राचा सूर बदलायला तेवढं पुरतं.

ओपन फाइलवरून फार कटुता होते, म्हणून थोडं थांबते. क्लायंटला वाटतं, पैसे दिले म्हणजे मूळ फाइल आपली. आपल्याला वाटतं, स्वयंपाकाचे पैसे दिले म्हणून कुणी कढई घरी नेत नाही. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत, म्हणूनच किंमत आधी सांगायची. मी कोटेशनमध्ये ओपन फाइलची वेगळी ओळच ठेवते, ऐच्छिक म्हणून. हवी असेल तो घेतो. नको असेल त्याला पुढे मागताना ती ओळ आठवते.

आर्थिक हक्कांखेरीज नैतिक हक्क असतात : कामावर आपलं नाव असण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा. बर्न करारात ते १९२८ साली आले. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प होतं. १९७९ साली नूतनीकरणात ते त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि भंगलं. सेहगल न्यायालयात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि ५ लाख रुपये भरपाई दिली. वस्तू सरकारची असूनही तिचा अनादर करण्याची मुभा मालकाला नव्हती. अमेरिकी धाटणीच्या करारांत 'सर्व नैतिक हक्क सोडत आहे' असं कलम सहज घातलेलं असतं. काही देशांत असे हक्क सोडताच येत नाहीत, पण जिथे येतात तिथे सही करण्याआधी किमान नावाचा उल्लेख राखून घ्या.

पायरी पाचवी : जे तुमचं नाही ते विकू नका

तुम्ही मित्राकडून कॅलिग्राफी करून घेतली आणि क्लायंटला 'सर्व हक्क' लिहून दिले. मित्राने तुम्हाला काही लिहून दिलं आहे का? नसेल, तर तुम्ही दुसऱ्याची वस्तू विकली. मदतनीस, एडिटर, आवाज देणारा कलाकार, सगळ्यांशी तुमचा कागद क्लायंटच्या कागदाआधी व्हायला हवा, आणि तुम्ही पुढे देणार आहात तितके हक्क त्यात तुमच्याकडे आलेले असायला हवेत.

फॉन्ट हा असाच एक सापळा. तुमच्या संगणकावरचा परवाना बहुधा तुमच्यापुरता असतो. क्लायंटच्या वेबसाइटसाठी किंवा अ‍ॅपसाठी त्याला स्वतःचा घ्यावा लागतो. स्टॉक (म्हणजे परवाना घेऊन वापरायची तयार) छायाचित्रं आणि संगीत यांचंही तेच, विशेषतः बोधचिन्हात स्टॉक चित्र वापरायला बहुतेक परवाने मनाई करतात. परवान्यांच्या पावत्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा. माणसांचे चेहरे असतील तर त्यांची लेखी संमती, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं चित्र क्लायंटला विकत असाल, तर त्याला तसं सांगा. अमेरिकेत मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की कॉपीराइटसाठी मानवी निर्माता लागतो. निव्वळ यंत्राने केलेल्या भागावर हक्कच नसेल, तर 'सर्व हक्क देत आहे' या वाक्याने तुम्ही त्याला हवा विकता.

उलट दिशेनेही : क्लायंटने दिलेला मजकूर, छायाचित्रं, गाणं हे त्याचंच आहे आणि त्यावरून वाद झाल्यास जबाबदारी त्याची, अशी ओळ घाला. तुमची एकूण आर्थिक जबाबदारी त्या कामाच्या रकमेइतकीच राहील, हेही लिहा. मोठ्या कंपन्यांच्या छापील करारात ती अमर्याद असते. मी तिथे पेनाने खाडाखोड करून पाठवते, आणि त्यांनी ती मान्य केल्याची उदाहरणं तुम्हाला वाटतील त्याहून जास्त आहेत.

पायरी सहावी : सही

करार वीस पानी असायची गरज नसते. अनेक देशांत ईमेलवरची देवाणघेवाणही करार ठरते, आणि इलेक्ट्रॉनिक सहीला बहुतेक ठिकाणी मान्यता आहे. हक्कांचं हस्तांतर मात्र सहीनेच करा. सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे ना, कंपनीचं नाव नोंदणीप्रमाणे आहे ना, हे पाहा. बिल एका नावाने आणि करार दुसऱ्याच नावाने, असा घोळ वसुलीच्या वेळी नडतो.

कुठल्या देशाचा कायदा लागू आणि वाद कुठे चालणार, हे लिहा. परदेशी क्लायंटशी लवादाचं, म्हणजे न्यायालयाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून निवाडा घेण्याचं कलम उपयोगी पडतं, कारण १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७०हून अधिक देशांत अंमलात आणता येतो. पण खरं सांगायचं तर छोट्या रकमेसाठी परदेशात कोणी लवाद चालवत नाही. तिथे घसघशीत आगाऊ रक्कम हाच तुमचा कायदा.

पायरी सातवी : काम चालू असताना

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठवा. माझा नमुना चार ओळींचा असतो : "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे : १. हिरवा रंग काढायचा. २. पान ४ वरचं चित्र तसंच ठेवायचं. ३. पुढची तारीख १२. यात काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, मी त्यानंतर काम पुढे नेते." भांडणात हा पुरावा होतो हे खरं, पण त्याआधी तो गैरसमज पकडतो. दर पाच-सहा पत्रांमागे एकदा तरी 'नाही, मी पान ५ म्हणाले होते' असं उत्तर येतंच.

मेसेजवर आलेल्या मंजुऱ्या ईमेलवर आणून ठेवा. रात्री अकरा वाजता आलेल्या आवाजी संदेशाला सकाळी दहा वाजता, लेखी उत्तर द्या. दोन-तीनदा असं केलं की वेळेची मर्यादा न सांगता कळते.

पायरी आठवी : बिनसलं तर

पैसे थकले असतील तर चढत्या क्रमाने जा. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी साधी आठवण, बहुतेकदा बिल कुठेतरी अडकलेलं असतं. आठवड्याने फोन, आणि तोही हिशेबखात्यात, कारण तुमचा संपर्क असलेल्या माणसाच्या हातात पैसे सोडणं नसतं. पंधरा दिवसांनी कलम, व्याज आणि नवी तारीख देणारं पत्र, आणि चालू काम त्या तारखेला थांबेल असं स्पष्ट. मग वकिलाची नोटीस. त्यानंतर लहान दाव्यांचं न्यायालय किंवा जिथे असेल तिथे थकबाकीसाठीची खास यंत्रणा. समाजमाध्यमांवर नाव घेऊन झोडपण्याचा मोह टाळा. तुम्ही फिर्यादी असता, एका पोस्टमुळे बदनामीच्या दाव्यात आरोपी होऊन बसता.

तुमचं काम कुणी न विचारता वापरलं असेल तर आधी पुरावा गोळा करा : तारखेसह स्क्रीनशॉट, पत्ता, तुमची मूळ फाइल आणि तिची तारीख. पत्र नंतर. ऑनलाइन असेल तर मोठे मंच तक्रारीवरून मजकूर उतरवतात, अमेरिकेच्या १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने ही पद्धत रुळवली. पण वापरणारा तुमचाच जुना क्लायंट असेल, तर उतरवायला लावण्याआधी परवाना विकून पाहा.

त्या तिसऱ्या पर्यायाचं मी तेच केलं. चिडून लिहिलेला पहिला मसुदा पाठवला नाही. दुसऱ्यात तिन्ही पर्यायांच्या तारखा, कोटेशनमधलं 'त्यांतला एक' हे वाक्य आणि दोन मार्ग दिले : खोकी बदला, किंवा मागील तारखेपासून परवाना घ्या, रक्कम अमुक. त्यांनी नऊ दिवसांनी फोन केला, घासाघीस केली, मागितल्याच्या साठ टक्क्यांवर परवाना घेतला. न निवडलेल्या पर्यायांचं कलम मी त्या संध्याकाळीच मसुद्यात घातलं.

पायरी नववी : निरोप

शेवटचा हप्ता आला की एक समारोपाचं पत्र पाठवा. कुठल्या फायली दिल्या त्यांची यादी, कुठला हक्क कोणत्या तारखेला त्यांच्याकडे गेला, फॉन्टचे परवाने कुठून घ्यायचे, त्यांनी दिलेलं गोपनीय साहित्य मी पुसून टाकलं आहे हे. आणि एक ओळ : "फायलींची प्रत मी दोन वर्षे जपून ठेवेन, त्यानंतर जबाबदारी माझी नाही." अडीच वर्षांनी एकीचा घाबराघुबरा फोन आला, संगणक बंद पडला होता, सगळं गेलं होतं. फायली माझ्याकडे होत्या, दिल्या. शोधण्याच्या वेळेचं छोटं बिलही सोबत पाठवलं. तिने ते त्याच दिवशी भरलं.